काकांच्या खिशातली शिट्टी

मी जुना आहे, एवढं नक्की. पुढे 'कोण आहे' ते सांगायला गेलो की माझा गोंधळ उडतो. ज्या खोक्यातून मी आलो त्यावर 'श्रवणयंत्र' असं छापलेलं होतं. ज्यानं मला विकलं तो 'कानाचं मशीन' म्हणायचा. आणि ज्या घरात मी अकरा वर्षं राहतो आहे त्या घरात मला नावच नाही. तिथे मला नुसतं 'तो' म्हणतात. 'तो घातलास का?', 'तो कुठे ठेवलास?' आणि तेही दार बंद करून. म्हणून मित्रांनो, मीही स्वतःला 'तो'च समजतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे डोळ्याला भिंग लावून बसलेल्या एका बाईनं चिमट्यानं माझ्या पोटात तारा जोडल्या. तेव्हा मी कुणाचाच नव्हतो. मग एके दिवशी एका कानाचा साचा घेतला गेला. त्यासाठी कानात गुलाबी लगदा भरतात आणि तो घट्ट होईपर्यंत वाट बघतात. त्या साच्यावरून माझा कानात बसणारा भाग घडवला. त्या दिवसापासून मी त्या एकाच कानाचा झालो. दुसऱ्या कुणाच्या कानात मी धड बसायचोसुद्धा नाही.

तो कान होता माझ्या मालकीणबाईंचा. त्यांनी सूतगिरणीत सूत कातणाऱ्या चात्यांच्या ओळींमध्ये तीस वर्षं काम केलं होतं. हजारो चात्या एकदम फिरायला लागल्या की तिथे शेजारणीचं ओरडणंही ऐकू येत नाही. म्हणून गिरणीतल्या सगळ्या बाया ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतात. मालकीणबाई त्यात एकदम तरबेज होत्या. खात्याच्या दुसऱ्या टोकाला कोण कुणाची चहाडी करतंय, तेही त्यांना कळायचं. कान हळूहळू गेले, पण ओठ वाचता येत असल्यामुळे कुणाच्या ते लक्षात आलं नाही. आणि लक्षात येऊ द्यायचंच नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

या कामात त्यांचे यजमान त्यांना सामील होते. ते न्हावी. आता दुकान बंद केलं आहे, पण हात अजून सफाईचा. दर पंधरा दिवसांनी ते मालकीणबाईंना खुर्चीत बसवत आणि केस अशा बेतानं कापत की कानावर बरोबर झापड यावी आणि मी दिसू नये. त्यांची लेक लोकांना गाडी चालवायला शिकवते. घरातही कुणी घाईनं बोलायला लागलं की तिचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. ती आईशी बोलताना नेहमी समोर येऊन बोलायची. का, ते कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. घरात 'बहिरी' हा शब्द अकरा वर्षांत एकदाही उच्चारला गेला नाही. मी साक्षीदार आहे, मी तर सगळंच ऐकतो.

सुरुवातीला माझं कौतुकही झालं. पहिल्याच सकाळी मालकीणबाई यजमानांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही चहा पिताना एवढा आवाज करता?"

"पस्तीस वर्षं करतोय," ते म्हणाले.

माझा एक दोष मी आधीच कबूल करतो. मी आवाज मोठा करतो, पण त्याचा अर्थ मला लागत नाही. चमचा पडला काय आणि कुणी जीव तोडून हाक मारली काय, मला दोन्ही सारखंच. शिवाय मला कशानं झाकलं किंवा दाबलं की मी शिट्टी वाजवतो. मला ती वाजवायची नसते, ती वाजते. या दोषावरून मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

आणि मग तो ताप आला. मालकीणबाईंची छाती भरली, श्वास पुरेना. ॲम्ब्युलन्समध्ये माझ्यावर इतके आवाज एकदम आदळले की त्यातलं कुठलं महत्त्वाचं, ते मला कळेचना. हॉस्पिटलात एका कामगारानं त्यांची अंगठी, साखळी आणि मला काढून यजमानांच्या हातावर ठेवलं. बाकीच्या वस्तू लेकीच्या पर्समध्ये गेल्या. मला मात्र यजमानांनी इकडेतिकडे बघत रुमालात गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. मला बंद कसं करायचं हे त्यांना माहीत नव्हतं, कारण ते काम मालकीणबाई स्वतः करायच्या. म्हणून मी चालूच राहिलो.

फॉर्म भरताना कुणीतरी विचारलं, "आधीचा काही आजार? दिसायला, ऐकायला काही त्रास?"

"छे छे, एकदम ठणठणीत," बापलेक एका सुरात म्हणाले.

मित्रांनो, ते खोटं बोलले असं मला म्हणवत नाही. इतकी वर्षं ही गोष्ट लपवली होती की त्यांच्या तोंडून दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. मी खिशात होतो, पण मलाही तेव्हा वाटलं की बरोबरच आहे, आमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत नाही. मग मी कशाला आहे, हा प्रश्न मला त्यानंतर बराच वेळ पडला होता.

मालकीणबाईंना अतिदक्षता विभागात ठेवलं. घशात नळी, श्वासाला मशीन आणि झोपेचं औषध. नातेवाइकांना सकाळी अकरा वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता दहा-दहा मिनिटं आत सोडत. यजमान रोज धुतलेला शर्ट घालत, जुन्या शर्टाच्या खिशातून मला काढून नव्यात ठेवत, आणि वरून हॉस्पिटलचा हिरवा झगा बांधून आत जात. त्या झग्यामुळे खिसा दाबला जाई. म्हणजे पुढे काय होत असे, ते तुम्ही ओळखलंच असेल.

पहिल्याच दिवशी मी वाजलो आणि आत धावपळ झाली. एका सिस्टरनं औषधाचा पंप तपासला, दुसरीनं मॉनिटर. मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावलं. तो येईपर्यंत दहा मिनिटं संपली, आम्ही बाहेर आलो आणि शिट्टी थांबली. "आता बरोबर चालतंय," असं तो म्हणाल्याचं मी दारातून ऐकलं. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी त्यानं तो पंपच बदलून टाकला. बिचाऱ्या पंपाचा काहीच दोष नव्हता. मला फार ओशाळल्यासारखं झालं, पण सांगणार कुणाला?

मालकीणबाईंच्या पलंगाशी दिवसा एक सिस्टर असायच्या. त्यांना सर्दी झाली असावी असा घोगरा, सावकाश आवाज. त्या सगळं सांगून करायच्या. "मावशी, आता मी तुम्हाला या कुशीवर वळवते हं. पाठ पुसते. पाणी कोमट आहे." मला वाटायचं, झोपेचं औषध दिलेल्या माणसाला कशाला सांगायचं? आणि ऐकू येतंय कुणाला? माझ्या या शंकेचं उत्तर माझ्याजवळच होतं, पण ते मला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी झोपेचं औषध कमी केलं. आता जागं व्हायला हवं, हाताची बोटं दाबायला हवी, असं सगळे म्हणत होते. मालकीणबाईंनी डोळे उघडले, पण त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन इकडेतिकडे बघायच्या आणि नळी ओढायच्या. म्हणून हातांत जाड मोजे घालून हात पलंगाला बांधावे लागले. "डोळे मिटा", "हात दाबा", "पाय हलवा" असं डॉक्टर मोठ्यानं सांगायचे. त्या नुसत्या बघायच्या.

त्यांच्या भोवतीच्या प्रत्येक माणसाच्या तोंडावर मास्क होता. ज्या ओठांवर त्यांचं सगळं जग चालायचं, तेच झाकलेले. हे मला आज कळतं. तेव्हा मी खिशात होतो आणि माझी समजूत अशी होती की मालकीणबाई कुणावर तरी रुसल्या आहेत.

यजमान आत गेले की आधी बायकोचे केस ओढून कानांवर घेत. सिस्टरांनी ते नीट वर बांधलेले असत. सकाळी यांनी खाली ओढायचे, दुपारी त्यांनी वर बांधायचे, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी विचारलं, "काका, मावशींना ऐकायला येतं ना व्यवस्थित?"

"हो हो! अगदी!" बापलेक दोघंही इतक्या लगबगीनं म्हणाले की लेकीचा पाय खाली दाबला गेल्याचा आवाज मी ऐकला.

सिस्टर पुढच्या कामाला लागल्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी दोघांना बाहेरच्या छोट्या खोलीत बसवलं. "डोळे उघडतात, पण सांगितलेलं एकही काम करत नाहीत," ते म्हणाले. "प्राणवायू कमी पडला तेव्हा मेंदूला इजा झाली असण्याची शक्यता आहे. उद्या स्कॅन करू. पण पुढे उपचार किती ताणायचे, याचा तुम्ही घरात विचार करून ठेवा."

लेक म्हणाली, "म्हणजे आई आम्हाला ओळखणार नाही?"

"आत्ता तरी तसंच दिसतंय."

यजमानांचं हृदय माझ्या पाठीला लागूनच होतं. ते इतक्या जोरात वाजायला लागलं की डॉक्टर पुढे काय म्हणाले ते मला ऐकूच आलं नाही. मित्रांनो, त्या दिवशी मला माझाच राग आला. कुणी चुकीचं बोलतं आहे एवढं मला जाणवत होतं, पण काय चुकीचं आहे ते कळत नव्हतं. आणि माझा बटणाएवढा सेल संपत आला होता.

पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही आत गेलो. यजमानांनी पलंगावर वाकून बायकोच्या कपाळावर हात ठेवला. खिसा पलंगाच्या कठड्यावर दाबला गेला आणि मी वाजलो. माझ्या अंगात उरलेल्या सगळ्या शक्तीनिशी वाजलो.

"पुन्हा तो पंप," कुणीतरी कंटाळून म्हणालं.

"थांबा," घोगऱ्या आवाजाच्या सिस्टर म्हणाल्या. "पंपाला हात लावू नका. काका, जरा दाराशी जाऊन उभे राहता?"

यजमान दाराशी गेले. शिट्टीही दाराशी गेली.

"आता इकडे या."

शिट्टी परत आली. कुणीतरी हसलं. सिस्टर हसल्या नाहीत.

"काका, खिशात काय आहे?"

"काही नाही. रुमाल आहे."

"काका, रुमाल वाजत नाही."

मग लेकच म्हणाली, "बाबा, द्या त्यांना."

यजमानांनी मला बाहेर काढलं. पाच दिवसांनी उजेड बघितला मी. "तिला आवडत नाही हो कुणाला कळलेलं," ते रडत म्हणाले. "आता शुद्धीवर नाही म्हणून तिचं गुपित फोडायचं, हे बरं दिसलं नसतं. मला वाटलं, सिस्टर, मी निदान एवढं तरी सांभाळतोय."

मला वाटलं, आता यांना बोलणी बसणार. हातातला माणूस जायची वेळ आली आणि औषध खिशात घेऊन फिरत होते. पण सिस्टर म्हणाल्या, "सांभाळलंतच की काका. हरवलं असतं तर काय केलं असतं? कुठला कान?"

"उजवा."

"मग तुम्हीच लावा. हात ओळखीचा आहे त्यांच्या."

त्यांनी मला कापसानं पुसलं. यजमानांनी केस बाजूला केले. एवढा वेळ जे हात केस कानावर ओढत होते तेच आता केस मागे सारत होते. मी माझ्या जागेवर बसलो. खूप दिवसांनी घरी आल्यासारखं वाटलं. पण भीतीही वाटली. डॉक्टर म्हणाले तेच खरं असेल तर? मी आवाज पोचवीन आणि आत घ्यायला कुणी नसेल तर?

सिस्टर कानाजवळ आल्या. "मावशी, मी सिस्टर. तुम्ही हॉस्पिटलात आहात. तुमच्या घशात नळी आहे म्हणून बोलता येत नाही. आज मंगळवार आहे, सकाळचे अकरा वाजून गेलेत. काका आणि तुमची मुलगी इथेच आहेत. मी तुमचा हात सोडवते. माझी बोटं दाबा."

काही झालं नाही.

त्यांनी पुन्हा सांगितलं, तितक्याच सावकाश. मी माझ्याकडून शक्य तेवढा मोठा आवाज केला. सिस्टरांच्या श्वासाचा आवाज, मशीनचा आवाज, लेकीचं नाक ओढणं, सगळं मोठं झालं. यातलं कुठलं घ्यायचं ते मालकीणबाईंनाच ठरवायचं होतं.

"दाबली," सिस्टर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मावशी, आता दोनदा दाबा."

मालकीणबाईंनी तीनदा दाबली. सांगितल्यापेक्षा जास्त करायची त्यांची खोड जुनीच आहे.

लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डॉक्टर आले, त्यांनी स्वतः हात दाबून घेतला. "मीही विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाले. लेक नवा सेल आणायला धावली आणि धांदलीत चार पाकिटं घेऊन आली.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात मानाचे. सिस्टर ड्यूटीवर आल्या की आधी मला पुसून कानात बसवायच्या, मग बाकीचं काम. त्यांनी मालकीणबाईंना विचारलं, "पलंगाच्या पाटीवर लिहू का, यांना कमी ऐकू येतं म्हणून?" मालकीणबाईंनी मान हलवली. नाही. "बरं, पाटीवर नको. पण इथल्या सगळ्या सिस्टरांना सांगावं लागेल, नाहीतर मी घरी गेले की पुन्हा तेच. चालेल?" जरा वेळानं होकार आला. मग त्यांनी खरोखरच एकेकीला बाजूला घेऊन, हलक्या आवाजात सांगितलं. पाटीवर एका ओळीत झालं असतं ते काम त्यांनी अकरा वेळा केलं.

आणखी एक गोष्ट त्या करायच्या, ती मला मुळीच आवडायची नाही. त्या बाहेर जाऊन काचेपलीकडे उभ्या राहायच्या, मास्क खाली करायच्या आणि नुसत्या ओठांनी काहीतरी बोलायच्या. मला एक अक्षर ऐकू यायचं नाही आणि इकडे मालकीणबाई गदगदा हसायच्या. दोघींचं काय चालायचं ते मला अजून कळलेलं नाही.

नळी निघाली, खोली बदलली आणि तीन आठवड्यांनी आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर आभार कसे मानायचे यावर खल सुरू झाला. यजमान म्हणाले, "मी जन्मभर त्यांचे केस कापून देईन." लेक म्हणाली, "त्यांना गाडी शिकवते." शेवटी पत्र लिहायचं ठरलं. तीनदा लिहिलं, दोनदा फाडलं. आणि शेवटी जे तयार झालं त्यात काय होतं? 'आपण आमच्या घरातली एक विशेष बाब ओळखलीत व ती अतिशय नाजूकपणे हाताळलीत, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.' बास. कुठली बाब, ते नाहीच! मित्रांनो, मी कानात बसून ते वाचन ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणजे लावला असता.

अडीच महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा आम्ही अतिदक्षता विभागाच्या बाहेर जाऊन उभे राहिलो. बाकांवर बरीच माणसं बसली होती, सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या. सिस्टर दोन मिनिटांसाठी बाहेर आल्या. तोच घोगरा आवाज. म्हणजे ती सर्दी नव्हतीच.

यजमानांनी पत्र वाचून दाखवलं. सिस्टर ऐकत राहिल्या. मग संकोचून म्हणाल्या, "माफ करा हं काका, कुठला बेड?"

त्यांना आम्ही ओळखूच आलो नव्हतो. आता विचार केला की वाटतं, कशा ओळखणार? त्यांनी मालकीणबाईंना पाहिलं होतं ते आडवं, सुजलेलं, नळ्या लावलेलं, आणि बाकी दोघांना मास्कआडून. इथे तर इस्त्रीचे कपडे घातलेल्या एक ताठ बाई उभ्या होत्या. आमच्यानंतर किती पेशंट येऊन गेले असतील.

"ते... ती विशेष बाब," यजमान म्हणाले.

"खिडकीकडचा बेड," लेक म्हणाली. "ते नाही का, पंप वाजत होता."

"पंप तर रोजच वाजतात हो," सिस्टर म्हणाल्या.

यजमान लेकीकडे बघायला लागले आणि लेक यजमानांकडे. सिस्टरांनी हळूच दाराकडे पाहिलं. आत काम पडलं असणार. मला वाटलं, गेल्या आता. जिच्यामुळे हे घर पुन्हा उभं राहिलं ती बाई, आभार कशाबद्दल होते हे न कळताच आत जाणार. मी शिट्टीही वाजवू शकत नव्हतो, मी अगदी घट्ट बसलो होतो.

तेवढ्यात मालकीणबाई बोलल्या. आपला आवाज किती मोठा आहे याचा त्यांना अंदाज नसतो. आख्ख्या बोळात ऐकू गेलं.

"सिस्टर, मी ती बहिरी."

मित्रांनो, मी दचकलो. त्यांच्या तोंडचा हा शब्द मी कधीच मोठा केला नव्हता. यजमानांनी डोळे मिटून घेतले. बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. मालकीणबाई थांबल्या नाहीत. "मला ऐकू येत नाही. आम्ही कुणी सांगितलं नाही, म्हणून सगळ्यांना वाटलं माझं डोकं गेलं. तुम्ही शोधून काढलंत. नाहीतर मी जागी असूनही मला सोडून द्यायची वेळ आली होती."

"मावशी!" सिस्टर म्हणाल्या. त्यांनी मास्क खाली केला. "तीनदा दाबणाऱ्या मावशी!"

त्यांनी मालकीणबाईंचे दोन्ही हात धरले आणि आता त्या काहीतरी बोलणार, एवढ्यात बाकावरून एक बाई उठल्या. मांडीवरची पिशवी खाली पडली तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"सिस्टर, आमच्या दादांचंही मशीन आहे कानाचं. घरी कपाटात आहे. इथे त्याचं काय काम, असं वाटलं आम्हाला. काल डॉक्टर म्हणाले, ते काही समजून घेत नाहीत म्हणून..."

सिस्टरांनी हात सोडले. "घर किती लांब आहे?"

"अर्धा तास."

"मग उभ्या का? पळा. आणि सेल नवा आणा." असं म्हणून त्या आत गेल्यासुद्धा.

आम्ही तिघं, म्हणजे माझ्यासकट चौघं, तिथेच उभे राहिलो. लेक म्हणाली, "बाबा, पत्र तुमच्या हातातच राहिलं की."

"राहू दे," मालकीणबाई म्हणाल्या. "पोचलं."

पत्र तर तिथेच होतं, यजमानांच्या मुठीत चुरगळलेलं. मग पोचलं ते काय, आणि हे तिघं भर बोळात हसत हसत का रडत होते, याचा उलगडा मला झालेला नाही. मी आवाज मोठा करतो, एवढंच माझं काम.

पण मित्रांनो, एक विनंती मी करू शकतो. तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, कमी दिसत असेल, तर त्यांचं मन राखा, पण ती गोष्ट खिशात ठेवू नका. हॉस्पिटलच्या दारात पाय ठेवताना पहिल्यांदा तेवढं सांगा. कारण प्रत्येक पलंगाशी शिट्टीचा माग काढणारी सिस्टर असेलच असं नाही, आणि आतला माणूस जागा असेल, तुमची वाट बघत असेल.